द नाइट मॅनेजर: रोपरला शिक्षा देऊन सिरीजने कादंबरीचा कणाच काढला (शेवटाची चर्चा आहे, पाहिली नसेल त्यांनी जपून)

पानगळ

परवा दोन रात्री जागून सहाही एपिसोड परत पाहिले. २०१६ साली आली तेव्हा आवडलीच होती, खोटं कशाला बोलू, पण तेव्हा पुस्तक वाचलेलं नव्हतं. मधे जॉन ल कारेची १९९३ची मूळ कादंबरी वाचून झाली आणि आता परत पाहताना शेवटच्या एपिसोडला इतकी तगमग झाली की लिहायला बसले.

आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जोनाथन पाइन, माजी सैनिक, कैरोच्या हॉटेलात नाइट मॅनेजर. सोफी नावाची बाई त्याच्या हातात काही कागद देते, रिचर्ड रोपर या बड्या इंग्रज व्यापाऱ्याच्या शस्त्रविक्रीचे. पाइन ते भरवशाच्या ब्रिटिश माणसाला देतो, आणि तिथूनच ते फुटतात, रोपरपर्यंत पोचतात आणि सोफीचा खून होतो. मग पाइन रोपरच्या घरात शिरतो, विश्वास कमावतो, आतून खबरा देतो. इथवर दोन्हीकडे साधारण सारखं.

आता शेवट. सिरीजमध्ये शस्त्रांचे ट्रक उडतात, पैसे गायब, रोपर चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या तावडीत. आणि कादंबरीत? पाइन पकडला जातो, रोपरच्या बोटीवर त्याचे हाल हाल होतात, आणि बर, म्हणजे पाइनला या कामाला लावणारा ब्रिटिश अधिकारी, लंडनमध्ये एका माणसाला थापा मारून, दमात घेऊन पाइन आणि रोपरची प्रेयसी जेड या दोघांना कसंबसं जिवंत सोडवतो. बास, एवढंच हाती लागतं. रोपरचा व्यवहार पार पडतो आणि रोपर मोकळा फिरतो. आणि त्याला मोकळं कोण ठेवतं तर पाइनच्याच देशाच्या गुप्तहेर खात्यातले लोक, ज्यांचे हितसंबंध त्या व्यवहारात आहेत. रेक्स गुडह्यू नावाचा एक सरळमार्गी अधिकारी आहे पुस्तकात, त्याला सहकारी ज्या पद्धतीने हळूहळू एकटं पाडतात, मीटिंगा, फायली, गोड बोलणं, ती पानं मला छळाच्या पानांपेक्षा भीतीदायक वाटली.

शीतयुद्ध संपल्यावर लिहिलेली ही कादंबरी आहे हे लक्षात घ्या. मॉस्कोतला शत्रू गेला, आता कोण, तर शेजारच्या खोलीत बसलेला सूटबूटवाला. तो राग हेच पुस्तक आहे. सिरीजने तो राग काढून टाकला आणि आपल्याला शांत झोप लागेल असा शेवट दिला. सोफी कैरोत ज्याची रखेल होती त्या फ्रेडी हमीदला पाइन स्विमिंग पूलमध्ये मारतो तेव्हा तर मला हा पाइन ओळखूच येईना. ज्या माणसाला सोफीच्या मृत्यूची टोचणी झोपू देत नाही तो असा सहज सूड घेत सुटेल?

रातकिडा

अजिबात सहमत नाही. तुमचा राग कळतो पण तुम्ही सिरीजकडे पुस्तकाचं ऑडिट केल्यासारखं बघताय. सहा तास प्रेक्षकाला रोपरच्या महालासारख्या घरात फिरवायचं, समुद्र दाखवायचा, रोपर म्हणून ह्यू लॉरीसारखा माणूस समोर बसवायचा की ज्याच्यावरून नजर हटत नाही, आणि शेवटी त्याला हसत हसत बोटीत बसवून निरोप द्यायचा? वाचताना आपण बंद पुस्तक मांडीवर ठेवून अर्धा तास विचार करतो, टीव्हीवर ते होत नाही, तिथे गोष्ट कुठेतरी पोचावी लागते. आणि खरं सांगू का, कादंबरीचा उत्तरार्ध मला जड गेला होता. कोलंबियाचे ड्रगवाले, पनामा, जंगल, एवढी माणसं की कोण कोणाचा हे मागे जाऊन बघावं लागायचं. शस्त्रं द्यायची आणि बदल्यात कोकेन घ्यायचं हा तो जुना व्यवहार काढून डेव्हिड फारने पटकथा अरब क्रांतीच्या कैरोत सुरू केली, जानेवारी २०११, रस्त्यावर लोक, आत हॉटेल, पाहुण्यांना शांत ठेवणारा पाइन. पहिल्या दहा मिनिटांत माणूस कळतो. असं रूपांतर क्वचित बघायला मिळतं.

चांदणचुरा

मी रातकिडाच्या बाजूने, पण कारण वेगळं. बर! पुस्तकात लेनर्ड बर आहे, पुरुष. सिरीजमध्ये अँजेला बर, ऑलिव्हिया कोलमन, आणि ती त्या वेळी खरोखर गरोदर होती म्हणून पात्रही तसंच केलं. फुगलेल्या पोटाने ती त्या कोंदट ऑफिसात बसून बड्या लोकांशी भांडते आणि दुसरीकडे रोपरकडे विमानं, शॅम्पेन, नोकरचाकर. पैसेवाल्या पुरुषांच्या त्या सगळ्या जगाला एकटीने भिडणारी बाई, एवढ्या एका बदलाने गोष्टीला जी धार आली ती मूळ पुस्तकात मला नाही सापडली. इराकमध्ये विषारी वायूच्या हल्ल्यानंतरची शाळकरी मुलं रोपरने पाहिली आणि त्याला त्यात धंदा दिसला, हे ती सांगते तो सीन आठवा. आवाज चढवत नाही, रडत नाही. मी तो सीन चारदा मागे घेऊन पाहिला. तुमचा तो राग सिरीजमध्ये नाही म्हणता ना पानगळ, तो इथे आहे.

उंबरठा

+१ कोलमनला. त्या वर्षी गोल्डन ग्लोब तिलाही मिळालं, पाइन झालेल्या टॉम हिडलस्टनला आणि लॉरीलाही. दिग्दर्शनाची एमी सुझाना बिअरला.

आडवाट

बक्षिसांनी काय ठरतं हो. मी पूर्ण पानगळच्या बाजूने आहे, उलट त्या फार सौम्य बोलल्यात. पुस्तकात जे घडतं ते घडू शकतं म्हणून अंगावर येतं. शस्त्रांचा बेकायदा व्यापार अंधाऱ्या गल्लीत चालत नाही, तो कागदावर चालतो. माल नेमका कोण वापरणार याचा दाखला, एंड यूजर सर्टिफिकेट म्हणतात त्याला, तो एका देशाच्या नावाने घ्यायचा आणि माल भलतीकडेच उतरवायचा, आणि या सगळ्याला कुठेतरी एक सही लागते, कुठेतरी एक अधिकारी डोळेझाक करतो. ल कारे स्वतः ब्रिटनच्या दोन्ही गुप्तहेर खात्यांत काम केलेला माणूस, एमआय फाइव्ह आणि एमआय सिक्स, त्याला ऑफिस कसं सडतं हे ठाऊक होतं. सिरीजमध्ये ते सडणं आहे, नाही असं नाही, पण ते दोनचार टेबलांपुरतं, आणि नजर कुठे तर हिडलस्टनच्या शर्टावर आणि समुद्राच्या निळ्या रंगावर. नापाम बॉम्बचा तो रात्रीचा डेमो बघा. इतका देखणा शूट केलाय की क्षणभर आपणही रोपरसारखेच बघत राहतो.

चांदणचुरा

पण आडवाट, तेच तर हवंय ना! आपण रोपरसारखे बघत राहिलो आणि मग दचकलो, हा त्या सीनचा हेतू आहे. पाइनच्या चेहऱ्यावर कॅमेरा येतो तेव्हा लाज वाटते आपल्याला. मला तरी वाटली. चकचकीतपणा हा रोपरच्या जाळ्याचा भाग आहे, तो भुरळ घालतो म्हणून तर एवढे लोक त्याच्यासाठी काम करतात. भुरळच पडली नाही तर पाइनला धोका कसला?

साधा_वाचक

मी पुस्तक वाचलेलं नाही, सिरीज दोनदा पाहिली. मला एकच विचारायचंय, जेडचं काय? एलिझाबेथ डेबिकीने जीव ओतलाय पण लिहिणाऱ्याने तिला दिलंय काय? पायऱ्या उतरायच्या, फोनवर मुलाशी बोलताना रडायचं, पाइनच्या प्रेमात पडायचं. पुस्तकात बरी आहे का?

पानगळ

साधा_वाचक, नाही, खरं सांगायचं तर पुस्तकात अजून कच्ची आहे. पाइन तिला बघतो तेवढीच ती आपल्याला दिसते. ल कारेच्या बायका हा त्याचा कमकुवत भाग आहे हे मी त्याची चाहती असूनही मान्य करते, आणि सिरीजने तिला मूल दिलं, लपवलेलं, त्यामुळे निदान तिच्या घाबरण्याला कारण मिळालं. आणि चांदणचुरा, बरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी पुस्तक वाचतानासुद्धा मधून मधून कोलमनचाच चेहरा येत होता डोळ्यासमोर.

पण शेवटाचं मी सोडणार नाही. रातकिडा म्हणतात टीव्हीवर गोष्ट कुठेतरी पोचावी लागते. मग १९७९ साली बीबीसीनेच ल कारेची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' केली होती ती काय होती? सात एपिसोड, अॅलेक गिनेस चष्मा पुसतोय, म्हातारी माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतायत, एक ट्रक उडत नाही. तिथे गद्दार सापडतो तरी कुणालाच जिंकल्यासारखं वाटत नाही. गिनेसच्या स्मायलीचा, त्या गद्दाराला शोधणाऱ्या हेराचा, चेहरा बघून पोटात खड्डा पडतो. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतलीच ना? मग प्रेक्षकाला कडू चालत नाही असं आपण का धरून चाललोय?

रातकिडा

ते १९७९ होतं. आणि त्या कादंबरीत गद्दार कोण हे कोडं होतं, कोड्याला उत्तर असतं, त्यामुळे शेवट आपोआप येतो. इथे कोडं नाहीच, रोपर वाईट आहे हे पहिल्या एपिसोडला माहितीये. म्हणजे उरतं काय, तो पकडला जाणार की नाही. सहा तास तोच एक प्रश्न विचारून शेवटी नाही म्हणून सांगितलं तर लोक खवळतील आणि त्यांचं चुकणार नाही. शिवाय खुद्द ल कारेला हे चाललं! निर्मात्यांमध्ये त्याचे मुलगे सायमन आणि स्टीफन, आणि म्हातारा स्वतः एका सीनमध्ये आहे, मायोर्काच्या त्या रेस्टॉरंटमध्ये रोपरचा उजवा हात कॉर्कोरन दारूच्या नशेत ज्या पाहुण्यावर घसरतो तो पाहुणा म्हणजे ल कारे. लेखकाने स्वतः येऊन बसावं आणि आपण त्याच्या वतीने भांडावं?

आडवाट

लेखकाला चाललं म्हणून वाचकाला चाललंच पाहिजे असं कुठे आहे? पुस्तक छापलं की ते वाचणाऱ्याचंही होतं. पानगळ, लढा.

गारवा

हिंदीवाली कुणी पाहिली का? २०२३ची, आदित्य रॉय कपूर आणि अनिल कपूर. ढाक्यापासून सुरू होते, सोफीच्या जागी रोहिंग्या मुलगी आहे, लहान, आणि बरच्या जागी तिलोत्तमा शोमची लिपिका, तीही गरोदर. मला ती मुलगी फार लागली मनाला. सोफी आणि पाइनचं काहीतरी जुळलेलं असतं म्हणून त्याचा सूड प्रेमातून येतो, इथे एका अनोळखी पोरीला वाचवता आलं नाही एवढंच कारण आहे आणि मला ते जास्त मोठं कारण वाटलं. पण सात एपिसोड दोन तुकड्यांत सोडले, चार फेब्रुवारीत आणि उरलेले तीन जूनच्या शेवटी, मधे सगळा ताण निघून गेला. हेरकथेत असं करू नये.

चांदणचुरा

गारवा, तिलोत्तमा शोमला अनुमोदन. अनिल कपूरचा रुंगटा मात्र मला रोपरच्या जवळ नाही पोचला. लॉरीचा रोपर मुलाशी खेळताना जितका भीतीदायक वाटतो तितका हा धमकी देतानाही वाटत नाही.

गारवा

हो, हे खरंय. लॉरीने म्हणे ही कादंबरी आली तेव्हाच हक्क घ्यायची खटपट केली होती, आणि त्याला पाइन करायचा होता. वीसेक वर्षांनी रोपर मिळाला. मला वाटतं म्हणूनच तो रोपर इतका आतून आलाय, पात्राजवळ इतकी वर्षं राहिलेला माणूस.

कोरीपाटी

इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही. पानगळ, तुम्ही म्हणता सिरीजने शिक्षा देऊन न्याय केला. पण शिक्षा कोण देतं ते नीट बघा ना. ब्रिटनचा कायदा देतो का? कोर्ट आहे का? नाही. पोलिसांच्या गाडीत बसलाय म्हणून रोपरला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, कारण पोलीस म्हणजे वकील, वकील म्हणजे लंडनमधले मित्र, म्हणजे चार दिवसांत बाहेर. आणि मग त्याला कळतं की गाडी गिऱ्हाइकांच्या हातात आहे. म्हणजे सिरीजही हेच म्हणते की कायदा या माणसाला हात लावू शकत नाही, त्याला संपवायला त्याच्यासारखेच लोक लागतात. मला तो शेवट पाहून बिलकूल शांत झोप लागली नव्हती. बरसारखी बाई, जिने आयुष्यभर कायद्याने धरायचं म्हणून धडपड केली, तिच्या वाट्याला हे यावं?

पानगळ

कोरीपाटी, हे मी या बाजूने पाहिलंच नव्हतं. काल रात्री शेवटची पंधरा मिनिटं परत लावली. तुमचं बरोबर आहे, गाडीतलं त्याचं ओरडणं मला आधी विजयाचा सीन वाटलं होतं, या वेळी नाही वाटलं.

पण मग माझी तक्रार जरा सरकते, जात नाही. तुम्ही म्हणता ते सगळं तिथे आहे, पण सिरीज त्यावर थांबत नाही. गाडी जाते आणि लगेच पाइन आणि जेडचा निरोप, मंद प्रकाश, सगळं आवरलेलं. बरचा चेहरा मला अजून एक मिनिट हवा होता. आपण जिंकलो की ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांच्यासारखंच वागलो, हा प्रश्न कोलमनने एका नजरेत उभा केला असता, तेवढी ताकद आहे तिच्यात. आणि लंडनमधल्या त्या फायलीवाल्यांचं काय, त्यांना थोडा घाम फुटला, पण गुडह्यूसारख्या माणसाला एकटं पाडणारी जी सगळी व्यवस्था पुस्तकात आहे ती तशीच शाबूत राहते हे सिरीजमध्ये कुठे जाणवतं?

रातकिडा

बरच्या चेहऱ्याचं एक मिनिट, यावर मी तुमच्याबरोबर. बाकी माझं मत तेच.

साधा_वाचक

मी पुस्तक मागवलंय. दुसऱ्या सीझनबद्दल इथे कुणी काही लिहू नका प्लीज, दहा वर्षांनी आलाय आणि मी अजून पाहिलेला नाही, आधी गुडह्यू वाचतो मग बघतो.