गिनीपिगच्या पिंजऱ्याला रात्रीची ऊब: बल्ब, पेंढा की आणखी काही?

वाळपईचा_मळा:
दोन माद्या आहेत, वजन साधारण ९००-९०० ग्रॅम. लाकडी पिंजरा ४ बाय २ फुटांचा, पुढची बाजू जाळीची. मागच्या पडवीत ठेवलाय, तोंड पूर्वेला. पहाटे थर्मामीटर १६ दाखवतो, दुपारी ३२. सकाळी दोघी एका कोपऱ्यात अंग फुगवून बसलेल्या असतात, कान हाताला गार लागतात. खाणं मात्र नेहमीसारखं आहे. रात्री ६० वॅटचा बल्ब लावावा, की भाताचा पेंढा भरून वरून प्लास्टिक गुंडाळावं?

खुराडं_ते_हवेली:
बल्ब नको आणि प्लास्टिकही नको.

गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतात. कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागेत १६ अंशांवर दोन धडधाकट माद्या एकमेकींना चिकटून रात्र सहज काढतात. तुमच्याकडे खरी अडचण पिंजऱ्याच्या तोंडाची आहे. गोव्यात थंडीच्या दिवसांत रात्री आणि पहाटे वारा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून उतरतो आणि तो थेट जाळीतून आत शिरतोय. आधी पिंजरा फिरवा. तोंड पश्चिमेला, पाठ पूर्वेला. दुसऱ्याच सकाळी फरक दिसेल. पावसाळ्यात मात्र नैऋत्येची झड येते, तेव्हा पुन्हा उलटा करावा लागेल.

पिंजरा थेट शहाबादीवर असेल तर चार चिरे लावून फूटभर उचला. फरशी रात्रभर गारवा सोडते, शिवाय ओल, मुंग्या आणि घुशी यांपासूनही सुटका होते. तळ जाळीचा असेल तर त्यावर फळी हवीच. जाळीवर वारा खालून लागतो आणि तळपायाला जखमा होतात.

आता झोपायची पेटी. सगळ्यात जास्त काम हीच करते. आख्खा पिंजरा तापवायच्या भानगडीत पडू नका. छोटी पेटी त्यांच्याच अंगाच्या उबेने तापते. दोघींना १४ बाय १० इंच, उंची ८ इंच पुरे. वाण्याकडचा जाड पुठ्ठ्याचा खोका चालतो. पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. दोन दारं कापा, प्रत्येकी ४ इंचांची, आणि दोन्ही एकाच बाजूला ठेवा. एकच दार असलं तर एक मादी दारात बसून दुसरीला कोंडते. समोरासमोर असली तर वारा आरपार जातो. खाली ८-१० पदर वर्तमानपत्र, त्यावर फ्लीसची (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाची) घडी, आणि दोन तृतीयांश पेटी भरेल इतकं सुकं टिमोथी गवत (गिनीपिगला खायला देतात तो वाळलेला चारा). त्या ते खातातही, म्हणून रोज संध्याकाळी भर घालायची. पुठ्ठा ओला झाला की बदला, साधारण आठवड्याला एक लागतो.

फ्लीस नवा असेल तर आधी तीन-चार वेळा धुवून घ्या, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात न घालता. नाहीतर मूत वरच साचतं, आणि ओलं पोट म्हणजे १६ अंशांपेक्षा वाईट. गोणपाट आत घालू नका, त्याचे धागे पायाला आवळतात.

बल्ब का नको: वायर कुरतडतात, सुकं गवत पेट घेतं. आणि मध्यरात्री वीज गेली की गरम जागेतून एकदम गारव्यात. ही अचानक होणारी घट त्यांना सततच्या थंडीपेक्षा जास्त बाधते.

फोंड्याचा_पाळीवकट्टा:
प्लास्टिकबद्दल जोडतो. गुंडाळलं की श्वासाची वाफ आत साचते, सकाळी लाकूड ओलं होतं, आणि मुताचा अमोनिया बाहेर पडत नाही. अमोनिया नाकाची आणि घशाची आतली त्वचा चिघळवतो, मग जंतू फुप्फुसात उतरतात. थंडीने मेली असं वाटणारी बरीच जनावरं खरं तर यानेच जातात. पारख सोपी आहे: सकाळी झाकण काढल्याबरोबर नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्या. झोंबलं तर हवा कोंडलेली आहे.

जाळीवर जुनी चादर दुहेरी टाका, वरची चार बोटं उघडी सोडून. आणि ती सकाळी ८ च्या आत काढाच. आपल्याकडे दुपार ३२ अंशांची असते आणि २८ च्या पुढे गिनीपिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्यांना घाम येत नाही. चादर विसरली तर थंडीपेक्षा लवकर जीव जाईल.

भाताचा पेंढा आत नको. काड्यांची टोकं डोळ्यात जातात. पण तो गोणीत दाबून भरून पिंजऱ्याच्या पाठीशी आणि तळाखाली बाहेरून लावला तर मस्त काम करतो.

हिरवं_गवत:
अंग फुगवणं आणि गार कान एवढंच असेल तर वरचं सगळं पुरेल. डोळ्यांच्या कडेला खपली, नाकातून पाणी, शिंका, श्वासाला टकटक आवाज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. बारा तास खाल्लं नाही तरी तसंच, कारण त्यांचं आतडं थांबलं की परत चालू करणं कठीण असतं. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन चुकूनही देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली की त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावतं.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ५० ग्रॅम घट म्हणजे लक्ष ठेवा, १०० ग्रॅम म्हणजे डॉक्टर.

थंडीत क जीवनसत्त्व कमी पडू देऊ नका, ते त्यांच्या शरीरात तयार होत नाही. दिवसाला दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. प्रत्येकीला २५-३० ग्रॅम ढोबळी मिरची रोज दिली की झालं. पाण्यात थेंब टाकू नका, काही तासांत त्याचा जोर जातो.

वाळपईचा_मळा:
पिंजरा फिरवला, चिरेही लावले. गरम पाण्याची रबरी पिशवी रात्री अकराला पेटीत ठेवली तर चालेल का? एक मादी गाभण असावी अशी शंका आहे.

खुराडं_ते_हवेली:
पेटीत नको, पेटीखाली ठेवा. रबर कुरतडतात. पाणी उकळतं नको, मनगटाला सोसवेल इतकंच. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, टॉवेलचे दोन पदर गुंडाळा आणि पेटीच्या फक्त अर्ध्या भागाखाली सरकवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्या बाजूला होऊ शकतील.

पण अकराची वेळ चुकीची आहे. पिशवी चार-पाच तासांत निवते, आणि खरी थंडी पाच ते सातच्या दरम्यान असते. तेव्हा खाली गार पाण्याची पिशवी असली तर ती उलट त्यांचीच ऊब ओढून घेते. पहाटे चारला उठून ठेवणार असाल तर ठेवा, सकाळी काढून घ्या. नाहीतर पिशवीच नको, गवताची आणखी एक मूठ घाला.

गाभण असेल तर पेटी थोडी मोठी करा, १८ बाय १२ इंच. पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात, पण जन्मल्यावर ओली असतात. तेव्हा फ्लीस कोरडा हवा, दिवसातून दोनदा बदलायची तयारी ठेवा.