एकट्या पडलेल्या मुलांसाठी गटाने व्हिडिओ गेम : उपाय की पळवाट?

खेळगडी
वर्गात ज्यांना कोणी आपल्यात घेत नाही अशा १३ ते १७ वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून 'बोला' म्हटलं की ती आणखी मिटतात. शेजारी बसून एकाच पडद्याकडे बघताना मात्र बोलतात, कारण विषय समोर असतो आणि नजरेला नजर द्यावी लागत नाही. माझा आग्रह : चार मुलं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी दीड तास. 'ओव्हरकुक्ड' हा स्वयंपाकघराचा खेळ घ्या, एकाने चिरायचं, एकाने शिजवायचं, मागितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' तर त्याहून सरस. बॉम्ब एकालाच दिसतो, तो निकामी करायची पुस्तिका बाकीच्यांकडे. एक कॉम्प्युटर आणि छापलेली पुस्तिका, एवढ्यात भागतं.

शंकासुर
'टोमॅटो दे' हा संवाद नव्हे, हुकूम आहे! शिवाय ओव्हरकुक्डला घड्याळ आहे. घाई वाढली की जो हळू त्याच्यावर सगळे खेकसतात, आणि तरबेज मुलगा त्याच्या हातातला कंट्रोलर ओढतो. म्हणजे वर्गातलंच सगळं इथे, फक्त रंगीत. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंग डिसऑर्डर (खेळण्याचा विकार) आहे, हेही विसरू नका.

पाटीपेन्सिल
आयसीडीचा दाखला अर्धाच दिलात. तिथे तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं आणि त्यापायी रोजचं जगणं बिघडणं, तेही साधारण १२ महिने, असे निकष आहेत.

खेकसण्याचं मात्र खरं. पहिले चार-पाच आठवडे घड्याळाचा खेळ नकोच. किंवा ओव्हरकुक्डच्या 'ऑल यू कॅन ईट' आवृत्तीतला असिस्ट मोड लावा, वेळ वाढवून मिळते. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा खेळ घेतलात तर व्हाइटलिस्ट (यादीतल्यांनाच प्रवेश) चालू, पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांना मारणं) बंद, कीप-इन्व्हेंटरी चालू, म्हणजे मेल्यावर सामान सांडत नाही आणि रुसवे वाचतात. त्याच्या जावा (कॉम्प्युटरवरची) आणि बेडरॉक (फोनवरही चालणारी) या आवृत्त्या एकमेकींना थेट जोडल्या जात नाहीत, हे आधीच बघा. नाहीतर ज्याच्याकडे फक्त फोन आहे तोच पुन्हा बाहेर. खेळात कुणी बांधलेलं घर पाडलं गेलं तर कोअरप्रोटेक्ट हे सर्व्हरवर बसवायचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) कोणी पाडलं ते दाखवतं आणि पूर्ववत करून देतं. ऑटिस्टिक मुलांसाठी २०१३ साली सुरू झालेला ऑटक्राफ्ट हा माइनक्राफ्टचा सर्व्हरही व्हाइटलिस्टवरच चालतो.

शंकासुर
सर्व्हर सुरक्षित झाला, मैत्री कुठे झाली? पडदा बंद झाला की चारही मुलं चार दिशांना.

खेळगडी
म्हणून शेवटची २५ मिनिटं पडदा बंद ठेवायची. दहा मिनिटं आधी सांगून. ऐन लेव्हलमध्ये बंद केलात तर त्या दिवशीच्या गप्पा बुडाल्याच समजा. दर लेव्हलला जागा बदला. मोठं माणूस पाचवं, आणि त्याच्या हातात कंट्रोलर नको, एरवी सगळी मुलं त्याच्याशीच बोलतात. 'इट टेक्स टू' टाळा; ते दोघांचंच आहे, एक गैरहजर असला की तिसरा नुसता बघत बसतो.

शंकासुर
आणि दोन महिन्यांनी तिघंजण चौथ्याला वगळून डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर वेगळा ग्रुप काढतात, त्याचं काय? तिथे ना तुमची व्हाइटलिस्ट, ना तुमचं पाचवं माणूस.

पाटीपेन्सिल
ते होतं. म्हणून घरच्या खेळासाठीही गटाचाच एक सर्व्हर, ठरलेल्या दोन संध्याकाळी उघडा, एरवी बंद. तरीही तिघांचा ग्रुप निघाला तर तो मोडायला जाऊ नका. चौथ्यासाठी दुसऱ्या गटात जागा बघा, पण त्याला विचारून.