अनुभव धागा: ज्या प्रश्नाने लिहिते केले

नमस्कार. मराठीत नव्याने लिहू लागलेल्या तरुण मित्रमैत्रिणींसाठी हा धागा उघडते आहे. लिहिण्याची ओढ आपल्याला कशी लागली आणि त्या ओढीने कोणत्या सामाजिक प्रश्नापाशी आणून सोडले, हे प्रत्येकाने आपल्या अनुभवातून सांगावे, ही विनंती. मते जरूर मांडा, पण आधी पाहिलेले आणि घरात घडलेले लिहा. ज्यांची नावे उघड झाल्याने कुणाला त्रास होईल, ती कृपया टाळा.

सुरुवात मीच करते. मी बीड जिल्ह्यातील. आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या तळावर आमची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राही. टोळीत लिहिता-वाचता येणारे कमी, त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली. वजनाच्या पावतीवरचे टन, विकलेल्या वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे आणि कुणाचा किती खाडा, एवढेच त्या वहीत लिहायचे असे. मी मात्र खाड्यासमोर कारणही लिहू लागले. ‘अंगात ताप’, ‘बाळंत होऊन आठवडा’, ‘पोटात दुखते, उभे राहवत नाही’. हिशेबाला या शब्दांची गरज नव्हती, पण मला होती, आणि माझे लेखन तिथूनच सुरू झाले, असे मी मानते.

ती कारणे बहुतांशी बायकांची होती. फडात आडोसा नाही, तळावर संडास नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, आणि एक दिवस पडून राहिले तर दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढायचा. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याची चर्चा 2019 मध्ये राज्यभर झाली आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मी ती वही पुन्हा काढून वाचली. शस्त्रक्रियेमागे डॉक्टरांचा सल्ला असतो तसा खाड्याचा धाकही असतो, हे त्या रकान्यांत स्पष्ट दिसत होते. किती शस्त्रक्रिया झाल्या यावर वाद घालताना हा धाक विसरला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

सध्या मी मुलींच्या लग्नांवर लिहिते. वयात आलेली मुलगी सहा महिने कुणाच्या भरवशावर गावी ठेवायची, हा आईबापांपुढचा खरा पेच असतो. कायद्याने 18 वर्षांची अट असतानाही लग्न उरकले जाते, कारण ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात; नवे जोडपे म्हणजे नवा कोयता आणि त्यावर मिळणारी नवी उचल. गावातले हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर मुलगी शाळेत राहते. उशीर झाला तर तोवर ती बिऱ्हाडासोबत निघून गेलेली असते. माझ्या धाकट्या बहिणीला ते वेळेवर मिळाले. ती आज महाविद्यालयात आहे.

आता तुम्ही लिहा.

कोल्हापूर जिल्ह्यातून, एकांकिका लिहिणारा

ताई, तुमच्या वहीबद्दल वाचून मला माझ्या काकूंविषयी लिहावेसे वाटले. काका गेले त्या दिवशी जमलेल्या बायकांनीच काकूंचे हात धरून बांगड्या फोडल्या. मनगटावर काच लागून रक्त आले, तरी कुणी थांबले नाही. नाटकाचे वेड मला शाळेपासून होते, पण तोवर मी केवळ विनोदी प्रहसने लिहीत होतो.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे सारे गावात बंद करण्याचा तो निर्णय होता. पाठोपाठ आमच्याच जिल्ह्यातील माणगावनेही तसाच ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. आमच्या गावातही ठराव झाला, परंतु पुढच्या मयतीला बांगड्या फुटल्याच. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या बायका मयताच्या घरी गेल्यावर गप्प का होतात, हा माझ्या एकांकिकेचा विषय आहे. त्यांना दोषी ठरवणारे नाटक मला लिहायचे नाही. भावकीचा दबाव किती असतो, हे मी जवळून पाहिले आहे. पहिल्या प्रयोगाला काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी एक संवाद बदलायला सांगितला आणि मी तो बदलला.

सोलापूरहून, पक्षिनिरीक्षक

माझी आवड पाखरांची. नान्नजच्या माळरानावर माळढोक दिसेल या आशेने मी शाळकरी वयापासून जातो. त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तरी माळढोक आज तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मला जे दिसते ते चंडोल, धाविक, काळवीट आणि नशीब असेल तर लांडगा.

पाखरांच्या नोंदी करता करता माझा विषय बदलला आणि मी मेंढपाळांवर लिहू लागलो. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा, तिथे झाडे लावली की पुण्य लागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात झाडे दाट झाली की माळावरच्या पाखरांना अंडी घालायला मोकळी जमीन उरत नाही, आणि त्या रोपवनाला कुंपण पडले की धनगराच्या मेंढरांची वाटही बंद होते. वृक्षलागवडीच्या विरोधात लिहितो म्हणून माझ्यावर टीका होते. मी झाडांच्या विरोधात नाही. जिथे शेकडो वर्षे गवतच होते तिथे ते राहू द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी लिहीत राहणार आहे.

गडचिरोलीहून, गोंडीत गाणी रचणारा

मी रेला गाणी रचतो आणि लेख मराठीत लिहितो. पहिलीत गेलो तेव्हा गुरुजी ‘पाणी’ म्हणत आणि मला ‘येर’ एवढेच ठाऊक होते. तहान लागली तरी मागायचे कसे हे कळत नसे, म्हणून मधल्या सुट्टीची वाट पाहायची. आमच्या वर्गातली काही मुले दुसरीनंतर शाळेत आलीच नाहीत. त्यांना ‘मठ्ठ’ म्हटले गेले. ती मुले जंगलातले प्रत्येक झाड आणि प्रत्येक पाऊलखूण ओळखत होती.

महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणात गोंडी बोलली जाते, तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा मराठी असा घेतला जातो. मराठीवर माझे प्रेम आहे, म्हणून तर मी इथे लिहितो आहे. पण पहिल्या दोन वर्षांसाठी गोंडी जाणणारा शिक्षक मिळावा, ही मागणी मराठी वाचकांनी स्वतःची मानावी असे मला मनापासून वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातून, वाचक

थोडक्यात लिहिते. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने मला कविता दिली. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे अशी वाचनालये गावोगावी टिकली आहेत. आता तिथे स्पर्धा परीक्षांची मुले बसतात आणि कवितेच्या कपाटाला कुलूप असते. मुलांबद्दल तक्रार नाही, त्यांना घरी बसायला जागा नाही. कपाट उघडे असावे, एवढेच मागत आहे.

नाव व गाव न सांगता

माझ्या आत्याने जातीबाहेर लग्न केले म्हणून आमच्या पंचांनी घरावर बहिष्कार टाकला आहे. लग्नाचे आमंत्रण नाही, मयतीला खांदा द्यायला कुणी येत नाही. मी कथा लिहिते. हे लिहिले तर वडिलांना आणखी त्रास होईल का, अशी भीती वाटते. कुणी सल्ला द्याल का?

धागा उघडणारी

ताई, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 2017 पासून लागू आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलिसांकडे तक्रार करता येते. करायची की नाही, हे मात्र आत्याबाईंनी आणि तुमच्या वडिलांनी ठरवावे. तोवर कोण कधी काय बोलले आणि कुणाकडे आमंत्रण नाकारले गेले, हे तारीखवार लिहून ठेवा. कथेत गाव, नाती आणि प्रसंगांचा क्रम बदला आणि छापण्याआधी आत्याबाईंना वाचून दाखवा. मसुदा माझ्याकडे पाठवायचा असेल तर मी आनंदाने वाचेन.