वजन प्रमाणात, पण कंबर वाढलेली: मधुमेहात हृदयाला धोका किती?

प्रश्न
माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांचा बीएमआय २२ च्या आसपास असतो, मात्र पोट सुटलेले असून कंबरेचा घेर ९६ सेंटीमीटर भरतो. वजन ठीक असल्यामुळे घरात हे कोणी मनावर घेत नाही. केवळ घेरामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
होय, वाढतो. बीएमआय वजन आणि उंची यांवरून काढतात, त्यामुळे चरबी कुठे साठली आहे हे त्यातून कळत नाही. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते; आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले मात्र थेट यकृतात पोहोचतात, आणि मग इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) वाढतात, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटते व एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि घट्ट होतात. त्यामुळे अहवालात एलडीएलचा आकडा बरा दिसला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण असे लहान कण धमन्यांच्या भिंतीत सहज शिरतात आणि मधुमेहात धमन्यांचे अस्तर आधीच दुखावलेले असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याशी निगडित नऊ प्रमुख घटकांत पोटाचा स्थूलपणा होता.

प्रतिसाद २
माप कसे घेतले, हेही पाहावे. पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. पोट सुटलेली माणसे पट्टा पोटाखाली बांधतात आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरली आहे. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा निकष मला अधिक सोयीचा वाटतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पोटाचे व्यायाम केल्यास घेर उतरेल का?

प्रतिसाद १
त्या व्यायामांनी स्नायू बळकट होतात, पण तेवढ्याच भागाची चरबी वितळत नाही. नियमित वेगाने चालणे आणि आहारातील उष्मांक कमी करणे यांनी आतली चरबी घटते, प्रसंगी वजनाचा काटा फारसा न हलताही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांची तपासणी करून स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची) गरज आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र विशेष प्रयत्न न करता वजन आणि घेर झपाट्याने उतरू लागले, तर साखर अनियंत्रित झाल्याची शक्यता असते. तेव्हा समाधान न मानता तातडीने रक्त तपासून घ्यावे.