मेक्सिकोच्या वाहाका राज्यात ५७० म्युनिसिपालिट्या? कोणी सांगेल का काय प्रकार आहे

नकाशावेडा:
कामासाठी मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेचा डेटा बघतोय. बाकी राज्यं पटापट उरकली आणि वाहाकापाशी गाडी अडकली. आख्ख्या देशात अडीच हजाराच्या आसपास म्युनिसिपालिट्या (म्हणजे एक मुख्य गाव किंवा शहर आणि त्याखालच्या वाड्या मिळून एक), त्यातल्या ५७० एकट्या या राज्यात! तिकडे बाहा कॅलिफोर्निया सुरमध्ये फक्त ५. वर सान पेद्रो मिश्तेपेक यादीत दोनदा, सान हुआन मिश्तेपेक पण दोनदा, डुप्लिकेट समजून उडवणार होतो. राज्याचे एवढे तुकडे कोणी केले आणि कशाला? आणि जिथे बघावं तिथे नावाआधी सान नाहीतर सांता, ते का?

डोंगरवाट:
उडवू नको रे बाबा! दोन्ही खरी आणि वेगवेगळी आहेत. एक सान पेद्रो मिश्तेपेक किनाऱ्याकडे हुकिला जिल्ह्यात, दुसरं आत डोंगरात मिआवात्लान जिल्ह्यात, म्हणून सरकारी यादीत नावापुढे डिस्ट्रिक्ट २२ आणि डिस्ट्रिक्ट २६ असं लिहिलेलं असतं. सान हुआनचंही तसंच. नावावरून जुळवत बसू नकोस, कोडवरून जुळव, वाहाकाचा कोड २० आहे. आणि जिल्हा म्हटल्यावर कलेक्टर डोळ्यासमोर आणू नका, तिथले ३० जिल्हे कोर्ट नि महसुलापुरते, कारभार बघणारं कोणी त्या पातळीवर नाही. म्युनिसिपालिटीच्या वर थेट राज्य.

जुनी_बखर:
तुकडे कोणी केलेच नाहीत, मुळात ही गावं कधी एकत्रच नव्हती. स्पॅनिश लोक १५२१ मध्ये आले तेव्हा इथे सापोतेक, मिश्तेक वगैरे मूळच्या लोकांची छोटी छोटी राज्यं होती, प्रत्येकाचा राजा वेगळा. स्पॅनिशांनी काय केलं, डोंगरात विखुरलेल्या वस्त्या एका जागी आणून बसवल्या, मधे चर्च बांधलं, गावाला एक संत नेमून दिला (तुमचे सान आणि सांता इथून आले, जुनं नाव मागे तसंच राहिलं) आणि गावकऱ्यांचीच पंचायत कारभाराला ठेवली. आता जमिनीचं बघा. निवडुंगावर एक किडा वाढतो, कोचिनील, त्यापासून लाल रंग बनतो. त्या काळी मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल याचीच निर्यात आणि त्याचं मुख्य ठिकाण वाहाका. हे किडे एक एक करून हाताने झाडून गोळा करायचं किचकट काम, ते गावकरी घरच्या घरी करायचे, त्यामुळे व्यापारी आणि अधिकाऱ्यांना गावं जागेवर राहण्यातच फायदा होता. उत्तरेत बड्या जमीनदारांनी जशी गावंच्या गावं गिळली तसं इथे त्या प्रमाणात झालं नाही. स्वातंत्र्यानंतर १८२५ च्या राज्यघटनेनेही लहान गावांच्या पंचायती चालू ठेवल्या, त्यातूनच आजच्या म्युनिसिपालिट्या आल्या. जमीन आपली, संत आपला, पंचायत आपली, मग शेजारच्या गावाच्या हाताखाली कोण जाईल?

नकाशावेडा:
भारी! पण सांता माग्दालेना हिकोत्लान, लोकसंख्या ८१?? तिथे निवडणूक घेतात तरी कशी?

शेवंता_ऑनलाइन:
८१ बरोबर आहे, देशातली सगळ्यात छोटी. आणि निवडणुकीचं म्हणशील तर ५७० पैकी चारशेच्या वर ठिकाणी पक्षच नाहीत, गावसभेत निवडतात, १९९५ पासून कायद्याने मान्य आहे. कुठे हात वर करून, कुठे फळ्यावर उमेदवारांची नावं लिहितात आणि एकेक जण पुढे जाऊन खडूने आपल्या माणसाच्या नावाखाली रेघ मारतो, सगळ्यांदेखत! प्रमुख व्हायचं तर खालच्या पायरीपासून चढावं लागतं, पोरं आधी तोपिल होतात म्हणजे निरोप पोचवणं, गस्त घालणं, तेही बहुतेक फुकट, मग वर्षानुवर्षं एकेक पद करत वरती. रस्ता, पाण्याची लाइन यासाठी घरटी श्रमदान, त्याला तेकियो म्हणतात. पण लगेच गोडवे गाऊ नका हं. २००७ मध्ये सांता मारिया किएगोलानीत एउफ्रोसिना क्रूस म्युनिसिपालिटीच्या प्रमुखपदासाठी उभी राहिली तर बाई आहे म्हणून तिची मतंच रद्द केली. ती गप्प बसली नाही, पुढे राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्ष झाली.

डोंगरवाट:
त्यात भर म्हणजे सरकारी निधी येतो तो म्युनिसिपालिटीच्या मुख्य गावाकडे. खालच्या वाड्यांना त्यातलं किती द्यायचं यावरून कायम भांडणं, कधी रस्ते अडवतात, कधी ऑफिसला कुलूप लावतात. म्हणून वाड्यांनाही वाटतं आपलं वेगळं असावं.

नकाशावेडा:
शेवटचा प्रश्न, पुएर्तो एस्कोंदिदो एवढं सर्फिंगवाल्यांचं फेमस, यादीत का सापडेना?

डोंगरवाट:
कारण ती म्युनिसिपालिटीच नाही 😄 शहर दोघांत वाटलं गेलंय, एक भाग तुझ्या त्या किनाऱ्याकडच्या सान पेद्रो मिश्तेपेकमध्ये, बाकीचा सांता मारिया कोलोतेपेकमध्ये, आणि हद्दीवरून दोघांचा जुना वाद आहे. तू वस्तीनिहाय फाइल घे, त्यात सान पेद्रोखाली पुएर्तो एस्कोंदिदो सापडेल आणि कोलोतेपेकखाली ब्रिसास दे सिकातेला, दोन्हीची बेरीज केलीस की शहराचा साधारण अंदाज येईल.