‘मान्यता’, ‘सल्लामसलत’ आणि ‘अनुमती’ : अर्थ एकच की वेगळे?

पेठेतला परीक्षार्थी : राज्यसेवेचा अभ्यास करतोय. विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायालयं एकमेकांना कशी अडवतात, त्या प्रकरणाच्या नोट्स मराठीत काढतोय. एका पुस्तकात ‘राज्यपालांच्या संमतीने’, दुसऱ्यात ‘मान्यतेने’, तिसऱ्यात ‘सल्ल्याने’. घरी-दारी आपण कुठलाही शब्द वापरतो, कुणाचं काही अडत नाही. इथं चालेल का? आणि उत्तरात ‘अंकुश’ लिहिलं तर?

जुनी सनद : चालणार नाही. सल्लामसलत म्हणजे विचारायचं. समोरचा नाही म्हणाला तरी पुढं जाता येतं. मान्यता म्हणजे त्याच्या होकाराशिवाय कागद हलत नाही.

उदाहरणासाठी लांब कशाला, आपल्या कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर जा की. भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्यालयाबाहेरचं पण अजून कायम न झालेलं पीठ, बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. ते आलं १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ५१(३) खाली. मुख्यालयाशिवाय न्यायमूर्ती आणखी कुठं बसतील हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, पण राज्यपालांच्या मान्यतेनं; आणि राज्यपाल म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ. आता त्याच्या वरचंच ५१(२) वाचा. कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशानं होतं. राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी सल्लामसलत करून. म्हणजे ५१(३) मध्ये ठरवायचं कोर्टानं आणि होकार सरकारचा, ५१(२) मध्ये ठरवायचं सरकारनं आणि कोर्टाला नुसतं विचारायचं. आम्ही वकील इतकी वर्षं एकदा मंत्रालयात आणि एकदा मुख्य न्यायमूर्तींकडं खेटे घालत होतो, ते काही हौस म्हणून नव्हे.

रात्रपाळी उपसंपादक : मग आम्ही मथळ्यात ‘कोल्हापूर खंडपीठ’ छापतो ते चूक म्हणायचं? लोक तसंच म्हणतात.

जुनी सनद : चूकच, पण लोभस. ‘खंडपीठ’ शब्दावर आधीच दोन ओझी आहेत. दोन न्यायमूर्ती एकत्र बसले तरी खंडपीठ आणि नागपूरसारखी कायम जागा असली तरी खंडपीठ. औरंगाबादचा रस्ता बघा : १९८१ साली ५१(३) खाली तिथं न्यायमूर्ती बसायला लागले, त्याला आव्हान दिलं गेलं, सर्वोच्च न्यायालयानं ते टिकवलं आणि १९८४ साली राष्ट्रपतींच्या आदेशानं ते कायम झालं. आपण अजून पहिल्या टप्प्यावर. मथळा आधी, आदेश नंतर असं करू नका.

मराठीच्या बाई : ‘अंकुश’ नको रे बाळा. माहूत हत्तीला टोचतो, हत्ती माहुताला टोचत नाही. या प्रकरणात तर दोघांनीही एकमेकांना अडवायचं असतं. ‘परस्परनियंत्रण’ लिही, मात्र जोडून लिही. सुटं ‘परस्पर’ म्हणजे दुसऱ्याला न विचारता, त्याच्या पाठीमागं. ‘परस्पर जमीन विकली’ म्हणतो तसं. जे होऊ नये म्हणून ही सगळी खटपट, नेमकं तेच एका मोकळ्या जागेनं लिहून बसशील!

पेठेतला परीक्षार्थी : बाई, हे पेपरात लिहिणार. पण वकीलसाहेब, सल्लामसलत म्हणजे कायम दुबळीच बाजू का?

जुनी सनद : इथंच खरी मेख आहे. अनुच्छेद १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी शब्द सल्लामसलतच आहे. सरन्यायाधीशांची सहमती सक्तीची करावी अशी सूचना संविधान सभेत आली होती, डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही, एका माणसाच्या हातात नकाराधिकार नको म्हणून. १९८१ मध्ये न्यायालयानंही म्हटलं की सल्लामसलत म्हणजे सहमती नव्हे. मग १९९३ मध्ये मोठ्या पीठानं उलटं सांगितलं : सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य. कॉलेजियम, म्हणजे नेमणुका सुचवणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ, त्यातून आलं. संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी आयोग आणला, तो २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला.

रात्रपाळी उपसंपादक : म्हणजे कोर्टानं शब्दच फिरवला.

मराठीच्या बाई : शब्द तिथंच आहे. वजन वाढवलं.

जुनी सनद : दोघांचंही बरोबर. माझं आयुष्य कोर्टाच्या आवारात गेलं, तरी १९९३ चा अर्थ मला भाषेच्या अंगानं पटत नाही. पण नेमणुका सगळ्या मंत्र्यांच्या हातात असत्या तर सरकारविरुद्धच्या याचिका कुणापुढं लावायच्या, याचंही उत्तर माझ्याकडं नाही. परीक्षेत दोन्ही निकाल सालासकट लिही, आपलं मत शेवटच्या ओळीत.

पेठेतला परीक्षार्थी : आणि विधेयकाला ‘मान्यता’ की ‘अनुमती’?

मराठीच्या बाई : सभागृह मंजूर करतं, राज्यपाल किंवा राष्ट्रपती अनुमती देतात. ‘मंजुरी’ दोन्हीकडं वापरलीस तर कोण कुणाला थांबवतंय ते कळत नाही.

जुनी सनद : त्यात एक पोटभेद. साधं विधेयक राष्ट्रपती फेरविचाराला परत पाठवू शकतात. घटनादुरुस्तीचं नाही; १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून तिथं अनुमती द्यावीच लागते. शब्द अनुमती, पण नकाराची सोय नाही. हा प्रश्न हमखास फसवतो.