सर्व्हेत सगळे म्हणतात "विमा नाही", पण घरात केशरी रेशन कार्ड! माझा फॉर्म गंडलाय का?

सोलापूरची_पोर
एमएसडब्ल्यू (समाजकार्य) सेकंड इयरला आहे, डिसर्टेशनसाठी दोन गावांत घरोघर फिरून आरोग्य विम्याचा सर्व्हे करतेय. वाचलं तेव्हाच गोंधळ झाला होता, एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, 2019-21) म्हणतं देशात 41 टक्के घरांत विमा आहे आणि एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्व्हे) 75वी फेरी (2017-18) म्हणते गावात 14 आणि शहरात 19 टक्के. मधे सप्टेंबर 2018 ला केंद्राची मोफत उपचारांची आयुष्मान योजना आली हे मान्य, पण एवढी उडी? आणि माझ्या चाळीस घरांत तर जवळजवळ सगळे "नाही" म्हणाले, गाइड विचारणार, काय सांगू?

फील्डवाला_अण्णा
ताई, गहू आणि ज्वारी एकाच पायलीत मोजताय. एनएफएचएसचा 41 घरांचा आकडा आहे, घरातल्या एकालाही संरक्षण असलं की अख्खं घर मोजलं. एनएसएसचा आकडा माणसांचा. त्याच एनएफएचएसमध्ये 15 ते 49 वयाच्या बायकांत बघा, साधारण 30 टक्केच आहे.
दुसरं, तुम्ही "आरोग्य विमा आहे का" असंच विचारलंत ना? आमच्याकडे विमा म्हणजे एलआयसी नाहीतर पिकाचा. मला एक काकू म्हणाल्या होत्या, "भरलाय की, एक रुपयात!" म्हणजे पिकाचा. मी पण येड्यासारखं "होय" वर टिक करणार होतो. केशरी कार्डावर मोफत उपचार देणाऱ्या राज्याच्या "जीवनदायी" योजनेचं नाव घेऊन विचारा, 2017 ला तिचं नाव महात्मा फुले योजना झालं तरी लोकांच्या तोंडात अजून जुनंच नाव आहे, आणि सोलापूर तर 2012 ला ती सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होतं.

रात्रपाळी
अण्णांचं बरोबर, पण कार्ड आहे म्हणजे उपचार मिळाले असं धरू नका. आमच्या बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी पहिल्या हॉस्पिटलात सांगितलं योजनेचे बेड फुल्ल आहेत, कॅश भरा आजच करतो. दुसरीकडे गेलो तिथे आरोग्यमित्राने (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) दोन दिवसांत मंजुरी आणून दिली, एक पैसा लागला नाही. पण आता दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या? त्या खिशातूनच, ओपीडी त्यात नाहीच. त्याच 75व्या फेरीत बाळंतपण सोडून एका ऍडमिशनचा सरासरी खर्च सरकारीत साडेचार हजाराच्या आसपास आणि खाजगीत जवळपास 32 हजार होता, म्हणजे बेड फुल्ल म्हणून परत पाठवलेला माणूस कुठे जातो तेही विचारायला हवं. कार्ड दाखवलं का, कुणाला दाखवलं, काय उत्तर मिळालं आणि वरून किती पैसे गेले, एवढे चार प्रश्न तरी टाका.

सोलापूरची_पोर
बापरे, हे आधी का नाही विचारलं मी इथे 🤦 काल नाव घेऊन विचारलं तर एका आजीने ट्रंकेतून साड्यांच्या खालून लॅमिनेट केलेलं आयुष्मान कार्ड काढलं, म्हणे "हे व्हय? हे तर पोरानं सांभाळून ठेवायला दिलंय." गेल्या आठवड्यात त्याच आजींच्या पुढे मी "नाही" लिहिलं होतं. आता चाळीसही घरं परत फिरायची का, सबमिशन पंचवीस दिवसांवर आहे.

फील्डवाला_अण्णा
फिराच. आणि जुने फॉर्म फाडू नका, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा, गाइडला तेच दाखवा. ऊन आहे, पाणी घेऊन जा सोबत.